पेन्शनवर येताना घर कुठे करायचे?

फौजेतून शिपाई बाहेर पडतो तेव्हा तो साधारण पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान असतो. हवालदार, सुभेदार चाळिशी ओलांडल्यावर, आणि कर्नलसाहेब चौपन्नाव्या वर्षी. ग्रॅच्युइटी, पेन्शनच्या विक्रीचे पैसे आणि फंड एकदमच हातात येतात. बहुतेकांच्या आयुष्यात एवढी मोठी रक्कम पुन्हा येत नाही. त्यातून पहिले काम निघते ते घराचे. जागा गावठाणात घ्यायची की तालुक्याच्या गावी, पुण्यात फ्लॅट बघायचा की वडिलांच्या घरावरच दुसरा मजला चढवायचा, या चर्चा शेवटच्या सुट्टीतच सुरू होतात. मुलांची शाळा, पाणी, भावकीतले संबंध, रस्ता, दुसरी नोकरी हे सगळे विचारात घेतले जाते. दवाखान्याचा विचार मात्र कुणी करत नाही, कारण त्या वयात अंगात रग असते आणि आजवर मेडिकल कॅटेगरी 'शेप वन', म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, राहिलेली असते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की घर करण्याआधी त्या जागेपासून ईसीएचएसचे पॉलिक्लिनिक किती लांब आहे आणि पॅनेलवरचे, म्हणजे ईसीएचएसशी करार असलेले हॉस्पिटल किती लांब आहे, ही दोन अंतरे मोजा. चाळिशीत बांधलेल्या घरात पंचाहत्तरीतले जोडपे राहणार असते. पुढे बहुतेक घरांत त्यातली एकटी बाईच उरते.

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना. ती १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. त्याआधी निवृत्त सैनिकाला लष्करी रुग्णालयाचाच काय तो आधार होता, आणि तिथेही सेवेतल्या जवानांनंतर जागा उरली तर. आता देशभरात तीस प्रादेशिक केंद्रे आणि चारशेहून अधिक पॉलिक्लिनिके आहेत, आणि लाभार्थींची संख्या साठ लाखांच्या पुढे गेली आहे. दरवर्षी सुमारे ६० हजार जवान आणि अधिकारी निवृत्त होतात, त्यांच्या कुटुंबांची त्यात भर पडत राहते. निवृत्त होताना एकदाच वर्गणी कापून घेतली जाते. २०१७ च्या शेवटी ठरलेल्या दरांप्रमाणे हवालदारापर्यंत ३० हजार, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७ हजार आणि अधिकाऱ्यांना १ लाख २० हजार रुपये. खर्चाला कमाल मर्यादा नाही, वयाची अट नाही, आणि जुना आजार आहे म्हणून कुणाला नाकारले जात नाही. बाजारातला कुठलाही आरोग्य विमा इतके देत नाही. ही योजना म्हणजे तुमच्या पेन्शनचाच एक भाग आहे, आणि पेन्शनइतकेच तिला जपले पाहिजे.

पण पेन्शन बँकेत आपोआप जमा होते, तसा हा लाभ घरपोच येत नाही. त्यासाठी जावे लागते, आणि म्हणूनच घर कुठे आहे याला महत्त्व आहे.

आमच्या सातारा जिल्ह्याचे उदाहरण घ्या. अपशिंगे मिलिटरी हे गाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. आजही तिथे घरटी कुणीतरी फौजेत आहे किंवा फौजेतून आलेला आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळीचे तसेच. अशा गावांतला माणूस गावीच परततो, आणि त्यात वावगे काही नाही. गावात ओळख असते, शेत असते, माजी सैनिकांची संघटना असते, अडीनडीला मोटारसायकल काढणारा सोबती असतो. अपशिंग्याहून साताऱ्याचे पॉलिक्लिनिक जवळ आहे, त्यामुळे तिथल्या माणसाचे भागते. माण-खटाव तालुक्यांच्या टोकाला असलेल्या गावातून मात्र सातारा गाठायला तास-दोन तास मोडतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली मधुमेहाची आणि रक्तदाबाची महिन्याची औषधे आणायची म्हटली तरी एका म्हाताऱ्या माणसाचा आख्खा दिवस एसटीत आणि रांगेत जातो. मग एक महिना चुकतो, दोन महिने चुकतात, गोळ्या गावातल्या दुकानातून आणल्या जातात आणि शेवटी बंदच होतात. पॅरालिसिसचा झटका आल्यावर घरच्यांना समजते, की रक्तदाबाची गोळी सहा महिन्यांपासून बंद होती.

पुण्याचे उलट आहे. वानवडी, कोंढवा, खडकी, लोहगाव या पट्ट्यात निवृत्त फौजींची दाट वस्ती झाली, ती उगाच नाही. दक्षिण कमांडचे मुख्यालय, कमांड हॉस्पिटल, हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियांची लष्करी संस्था, एएफएमसी हे लष्करी वैद्यकीय महाविद्यालय, खडकीचे मिलिटरी हॉस्पिटल, १९४४ पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठीचे खडकीतले पुनर्वसन केंद्र, हे सगळे एकाच शहरात आहे. मुंबईत कुलाब्याला नौदलाचे अश्विनी रुग्णालय आहे. देवळाली, अहिल्यानगर, कामठी, छत्रपती संभाजीनगर या छावण्यांच्या गावी मिलिटरी हॉस्पिटले आहेत. जिथे छावणी तिथे पेन्शनर, आणि जिथे पेन्शनर तिथे पॉलिक्लिनिकला गर्दी. कुठलीही मोठी सुविधा जवळ असण्याची ही किंमत आहे. सकाळी लवकर जाऊनही नंबर उशिरा लागतो, एखादे औषध संपलेले असते, तज्ज्ञ डॉक्टरांची तारीख पुढची मिळते. शिवाय पुण्यातला फ्लॅट हवालदाराच्या पेन्शनीत बसत नाही, हेही खरे. त्यामुळे 'पुण्यालाच राहा' असा सल्ला मी देणार नाही.

माझ्या मते साध्या जवानाने घराचा निर्णय एकदा नव्हे, दोनदा घ्यायचा असतो. पहिला निर्णय चाळिशीतला. तेव्हा मुले पाचवी ते दहावीत असतात, दुसरी नोकरी शोधायची असते, मग ती बँकेत सुरक्षारक्षकाची असो की सरकारी खात्यातली. त्यासाठी कराड, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर अशा ठिकाणी भाड्याने किंवा लहानशा घरात राहणे शहाणपणाचे. दुसरा निर्णय साठीतला, दुसरी नोकरी संपल्यावरचा. गावाकडे परतायचे ते तेव्हा ठरवा. चाळिशीतच सगळी पुंजी गावच्या दुमजली बंगल्यात घातली, तर साठीत हलायचे म्हटले तरी हात रिकामे असतात. गावात बांधायचेच असेल तर खाली दोन खोल्या, संडास-बाथरूम घरातच आणि जिना न चढता सगळे व्यवहार होतील असे बांधा. स्लॅबवर खर्च करण्यापेक्षा ते पैसे आजारपणासाठी राखून ठेवा.

जागा पक्की करण्याआधी एक काम जरूर करा. एखाद्या साध्या सोमवारी, स्वतःची गाडी न काढता, ज्या साधनाने तुमची बायको एकटी जाऊ शकेल त्या साधनाने, त्या जागेपासून पॉलिक्लिनिकपर्यंत जाऊन या. घरातून निघाल्यापासून औषधे घेऊन परत येईपर्यंत किती वेळ लागतो, किती गाड्या बदलाव्या लागतात, स्टँडपासून किती चालावे लागते ते पाहा. आत गेल्यावर रांगेतल्या दोन म्हाताऱ्या माणसांशी बोला. दातांचे डॉक्टर रोज येतात का, औषध नसेल तर बाहेरच्या ठरलेल्या दुकानातून किती दिवसांत मिळते, पॉलिक्लिनिकचे प्रमुख (ओआयसी) भेटतात का, हे त्यांच्याइतके नीट तुम्हाला कुणीच सांगणार नाही.

मग पॅनेलवरच्या हॉस्पिटलांची चौकशी करा. इथे अनेकांची गफलत होते. हॉस्पिटलच्या दारावर ईसीएचएसची पाटी असली म्हणजे तिथे सगळे उपचार होतात असे नाही. काही हॉस्पिटले फक्त डोळ्यांसाठी असतात, काही फक्त हाडांसाठी, काही केवळ तपासणीसाठी. करार संपतो, बिले रखडली म्हणून एखादे हॉस्पिटल अंग काढून घेते, नवे येते. म्हणून यादीची जुनी झेरॉक्स कामाची नाही. पॉलिक्लिनिकमध्ये आजची यादी पाहा आणि चार गोष्टी कुठे मिळतील ते वहीत लिहून ठेवा: हृदयविकाराचा झटका आला तर अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सरचे उपचार आणि मोतीबिंदू. मोतीबिंदूसाठी वर्षातून एखादा हेलपाटा माणूस सोसतो. डायलिसिसला मात्र आठवड्यातून दोन-तीनदा जावे लागते, आणि परतताना अंगात त्राण नसते. ज्याच्या घरात किडनीचा आजार आहे त्याने गावाकडे जाण्याचा हट्ट सोडावा, इतके मी स्पष्टच सांगेन.

अंतर मोजताना जिल्ह्याची आणि राज्याची हद्द डोक्यातून काढून टाका. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर लांब पडते, बेळगाव जवळ. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, मिलिटरी हॉस्पिटल आहे, पॉलिक्लिनिक आहे. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या माणसाने गोव्याचाही विचार करावा. वास्कोला नौदलाचे जीवंती रुग्णालय आहे. ईसीएचएसचे कार्ड देशातल्या कुठल्याही पॉलिक्लिनिकमध्ये चालते. मुलाकडे बंगळूरला गेलात, मुलीच्या बाळंतपणासाठी बडोद्याला राहिलात, तरी तिथले पॉलिक्लिनिक तुम्हाला तपासते आणि गरज पडली तर रेफरल, म्हणजे पॅनेलवरच्या हॉस्पिटलात जाण्याची चिठ्ठीही देते. फक्त कार्ड आणि जुन्या आजाराचे कागद बरोबर ठेवा.

कायम राहायचे ठिकाण बदलले, की आपले मूळ पॉलिक्लिनिकही बदलून घ्या. हे ऑनलाइन होते. कितीतरी जण गावी राहतात आणि नोंद मात्र जिथे शेवटची पोस्टिंग होती तिथली ठेवतात, 'मोठ्या गावचे बरे' म्हणून. यात आपलेच नुकसान आहे. त्या भागात माजी सैनिक किती, यावर पॉलिक्लिनिकचा दर्जा ठरतो आणि दर्जावर डॉक्टर, कर्मचारी आणि साधने ठरतात. माणसे गावात आणि नावे शहरात असतील, तर गावाकडची गरज सरकारच्या कागदावर दिसणार कशी? नवे पॉलिक्लिनिक किंवा जास्तीचा डॉक्टर मागायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात शिष्टमंडळ घेऊन जाताना हातात आधी आकडा लागतो. तालुक्यातल्या संघटनांनी हे काम मनावर घ्यावे: प्रत्येक गावात किती माजी सैनिक, किती वीरपत्नी आणि विधवा, किती आई-वडील अवलंबून आहेत आणि त्यातल्या किती जणांची नोंद जवळच्या पॉलिक्लिनिकला आहे.

आता कागदांचे. आजारपणात माणूस पैशाने अडतो त्याहून जास्त नावाने अडतो. बायकोचे लग्नाआधीचे नाव सुनंदा, सासरचे नाव सुवर्णा. युनिटमध्ये कुटुंबाची नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर निघाली तेव्हा एक नाव लागले, आधारवर दुसरे आले, बँकेत तिसरेच, आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर वेगळी. नवरा हयात असेपर्यंत हे चालून जाते. कार्ड काढायला गेले की संगणक नाव जुळत नाही म्हणतो. नवरा गेल्यावर तर तिला रेकॉर्ड ऑफिसपासून 'स्पर्श' या पेन्शन यंत्रणेपर्यंत पत्रव्यवहार एकटीने करावा लागतो. हे दुरुस्त करायची उत्तम वेळ म्हणजे निवृत्तीआधीचे शेवटचे वर्ष, कारण तेव्हा युनिटचा क्लार्क हाताशी असतो. बायकोचे नाव, मुलांच्या जन्मतारखा आणि आई-वडिलांची नोंद सेवापुस्तकात, पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) आणि आधारवर अक्षरन् अक्षर एक आहे का ते पाहा. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली असली तरी उशीर झालेला नाही, पण तुम्ही हयात असतानाच करा.

कार्डावर कोण बसतो हेही ध्यानात ठेवा. पत्नी, अविवाहित आणि न कमावणारी मुलगी, पंचविशीपर्यंतचा अविवाहित आणि न कमावणारा मुलगा, आणि कायमचे अपंगत्व असलेले मूल वयाची अट न लागता. आई-वडील बसतात, पण दोघांचे मिळून सगळ्या मार्गांनी येणारे उत्पन्न दरमहा ९ हजार रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी हवे, आणि शेतीचे उत्पन्नही त्यात धरले जाते. सून आणि नातवंडे बसत नाहीत. एकत्र कुटुंबात हे विसरले जाते आणि सून आजारी पडली की धावपळ होते. मुलगा कमावू लागला की त्याच्या कुटुंबाचा वेगळा विमा काढायला लावा.

अग्निवीर म्हणून गेलेल्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. चार वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. कायम सेवेत घेतलेल्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी बाहेर पडताना मिळालेल्या सेवानिधीतून पहिला खर्च आरोग्य विम्याचा करावा, गाडीचा नंतर.

रात्री-अपरात्री काय करायचे, हा गावाकडे राहणाऱ्याचा खरा प्रश्न. पॉलिक्लिनिक रात्री बंद असते. पहाटे तीनला छातीत कळ आली, तर रेफरलचा विचार करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या सक्षम हॉस्पिटलात जा, मग ते पॅनेलवर असो वा नसो. पॅनेलवरचे असेल तर दाखल होतानाच ईसीएचएसचे कार्ड दाखवा. तिथे तुमच्याकडून पैसे घ्यायचे नसतात, आणि कळवण्याचे काम ते हॉस्पिटल संगणकावरून करते. तरीही कळवले का, हे नातेवाइकाने विचारावे. पॅनेलवरचे नसेल तर बिल तुम्हाला भरावे लागते आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. मुलाने किंवा शेजाऱ्याने जाऊन लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. घरी सोडताना हॉस्पिटलमधून तातडीच्या अवस्थेचा दाखला, डिस्चार्ज समरी, प्रत्येक बाबीचे वेगळे बिल आणि पावत्यांच्या मूळ प्रती घ्या. हा तातडीचा दाखला नंतर मागायला गेले तर डॉक्टर भेटत नाहीत, म्हणून निघण्याआधीच घ्या.

परतावा सरकारी दराने मिळतो. हॉस्पिटलने घेतलेली रक्कम त्याहून बरीच जास्त असू शकते, आणि वरचा फरक तुमच्या खिशातून जातो. परतावा यायला काही महिनेही लागतात. म्हणून गावी राहणाऱ्याने लाख-दीड लाख रुपये कधीही काढता येतील असे बँकेत ठेवलेच पाहिजेत आणि ते कुठे आहेत, कसे काढायचे, हे बायकोला माहीत पाहिजे. हॉस्पिटलात कुठल्या वॉर्डचा हक्क आहे तेही आधीच समजून घ्या. हवालदारापर्यंत जनरल, जेसीओंना सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. वरचा वॉर्ड घेतला तर फरक भरावा लागतो.

साध्या तक्रारींसाठी दरवेळी प्रवास करायची गरज उरलेली नाही. मे २०२१ मध्ये संरक्षण खात्याने 'सेहत' नावाची ऑनलाइन ओपीडी सुरू केली. मोबाइलवरून लष्करी डॉक्टरांशी बोलता येते. खेड्यातल्या माणसाला तिचा चांगला उपयोग आहे, फक्त घरातल्या एखाद्या शिकलेल्या पोराने एकदा नोंदणी करून द्यावी आणि आजी-आजोबांना दोन-तीनदा बरोबर बसून दाखवावे.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी एक सावधगिरी. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने सत्तर वर्षांवरच्या सर्वांना आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार खुले केले. गावोगाव कार्डे काढायची शिबिरे होतात. ईसीएचएसच्या सदस्याला या दोन्हींपैकी एकच योजना निवडावी लागते. ईसीएचएसला खर्चाची मर्यादा नाही आणि त्यात रोजची औषधेही मिळतात. शिबिरात कुणी अंगठा मागितला, तर आपण माजी सैनिक किंवा त्याची विधवा आहोत आणि ईसीएचएसमध्ये आहोत, हे आधी सांगा. समजल्याशिवाय अंगठा देऊ नका.

आणि शेवटी त्या बायांबद्दल, ज्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला आहे. आपल्या गावांत आजही १९६५ आणि १९७१ ची लढाई पाहिलेल्या जवानांच्या विधवा आहेत. नवरा २००३ च्या आधीच निवृत्त झाला किंवा वारला, त्यामुळे कित्येकींनी ईसीएचएसचे सदस्यत्व कधी घेतलेच नाही. पेन्शनमधून महिन्याला एक हजार रुपये वैद्यकीय भत्ता येतो, तेवढ्यावर भागवतात. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना वर्गणी माफ आहे. एक रुपया न भरता त्या सदस्य होऊ शकतात. तो हजाराचा भत्ता बंद होईल, पण एका शस्त्रक्रियेपुढे ही रक्कम काहीच नाही. हे त्यांना कुणी सांगितलेले नाही, आणि ऑनलाइन अर्ज त्यांना जमणार नाही.

तुमच्या गावात अशी एखादी आजी असेल, तर या महिन्यात तिच्या घरी जा. तिच्या नवऱ्याचे डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, आधार आणि बँकेचे पासबुक एका पिशवीत घ्या, आणि तिला बरोबर घेऊन जवळच्या पॉलिक्लिनिकला किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.